रेहानाची पाठ

माझी धाकटी बहीण रेहाना जन्मल्यापासून पालथीच झोपायची. इतरांची बाळं उताणी पडून हातपाय झाडतात, छताकडं बघून आपली आपणच हसतात. आमच्या रेहानाला घराचं छत कसं असतं ते फार उशिरा कळलं. तिच्या कमरेच्या जरा वर, बरोब्बर कण्यावर, एक फुगा होता. लिंबाएवढा म्हणता म्हणता जरा मोठाच. बुडाशी तिच्या अंगासारखी कातडी, आणि टोकाला पातळ, निळसर, तेल लावल्यासारखी चकाकणारी. ती रडायला लागली की तो ताठ व्हायचा, झोपली की मऊ पडायचा. त्यामुळं तिला रडू द्यायचं नाही, हा आमच्या घराचा पहिला नियम झाला. सगळं घर तिच्या पाठीकडं डोळे लावून जगायला लागलं.

मी तेव्हा नववीत होते. माझ्यानंतर अम्मीची दोन बाळंतपणं वाया गेली होती, म्हणून या खेपेला अब्बांनी तिचं म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात नाव घालून ठेवलं होतं. बाळ झाल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेचं दप्तर तसंच पाठीवर घेऊन पळत गेले. अम्मी भिंतीकडं तोंड करून पडली होती. सिस्टरनं बाळाच्या पाठीवर ओला कपडा घातलेला होता. तिनं मला जवळ बोलावून कपडा अलगद उचलून दाखवला आणि म्हणाली, "बघून घे. घरी तुलाच सांभाळायचंय हे." मला भीती वाटली नाही, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मला वाटलं, हे काहीतरी आतलं आहे, चुकून बाहेर राहिलंय. तिचं तोंड मात्र फार सुरेख होतं.

आमचं घर बांगड्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागं एक लांबट खोली, तिच्या मागं चूल आणि इवलंसं परस. अब्बा पेटी घेऊन आठवडी बाजार करायचे, आणि दुकानात अम्मी बसायची. बायकांचा हात हातात घेऊन, अंगठ्याच्या बुडाशी दाबत दाबत, गप्पा मारता मारता ती बांगडी कधी चढवायची ते त्या बाईलाही कळायचं नाही. आमच्या गल्लीला दोन आवाज होते. पलीकडच्या बोळातल्या यंत्रमागांची खटखट आणि आमच्या दुकानातली काचेची किणकिण. माग बंद असले की चुकल्यासारखं व्हायचं. घरात आम्ही दखनी बोलायचो, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि मागवाल्यांच्या बायका आल्या की अम्मी मोडकं तेलुगूही बोलायची. अब्बांची थोरली बहीण, माझी फुफी, विधवा होऊन आमच्यातच राहायला आली होती. स्वयंपाक तिच्याकडं आणि परसातल्या कोंबड्याही तिच्याकडं. तिच्या हातची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी मोडायची. तिच्यावर शेंगाचटणी आणि दही घेऊन आम्ही दुपारी जेवायला बसायचो, तेव्हा तिघींच्या दातांचा आवाज मागाला मागं टाकायचा.

मोठ्या दवाखान्यात पहिल्यांदा अब्बा एकटेच गेले, बाळाला घेऊन. परत आले ते चार गोष्टी घोकत. बाळाला पालथंच ठेवायचं. फुग्यावर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा ठेवायचा. शी-शू तिथवर जाऊ द्यायची नाही. आणि काहीही झालं तरी तो फुटता कामा नये. बाळानं जरा अंग धरलं की डॉक्टरबाई ऑपरेशन करतील. हे शेवटचं सांगताना अब्बांनी "कापतील" असा शब्द वापरला, आणि तो शब्द घरात राहायलाच आला.

मग आमची कामं वाटून घेतली गेली. अम्मी उशीला टेकून बसायची आणि बाळाला आपल्या पोटावर पालथं घेऊन पाजायची. मी शाळेतून आले की रेहाना माझ्याकडं. तिला घ्यायची एक रीत मी शोधून काढली होती. तिचं तोंड माझ्या कोपराच्या खळगीत, पोट माझ्या हातावर आणि दोन पाय मनगटाच्या दोन बाजूंना सोडलेले. अशी तिला घेऊन मी परसात फिरायची, पाढे म्हणायची, इतिहासाची उत्तरं म्हणायची. ते पाय माझ्या मनगटावर लाथा मारायचे. हे पाय हलतात, याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं, बाळ म्हटल्यावर पाय हलणारच. त्या लाथांत केवढी मोठी बातमी होती ते पुढं दवाखान्यात कळलं. कपडे उकळायचं, पिळायचं आणि बदलायचं काम मात्र फुफीनं स्वतःकडं घेतलं, आणि त्यात ती कुणाला हात लावू देईना.

तीच फुफी दिवसभर अम्मीला बोलायचीही. अम्मी पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. त्या दिवशी अम्मीनं सुपारी कातरली, असं फुफीचं म्हणणं. आपण कातरलेली सुपारी अम्मीला आठवत नव्हती, पण ती उलट बोलायची नाही. फुफी तिच्यापुढं रव्याचा, गुळातुपाचा गरम हरीरा ठेवायची आणि तो ठेवता ठेवता ग्रहणाचं काढायची. अम्मी खाली मान घालून पिऊन टाकायची. एकदा दुपारी मी तिच्या शेजारी पडले होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी झोपून होते गं. पण आता वाटतं, कातरलीच असेल."

पुढं मी बी.एस्सी. झाले, शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा हे वाक्य घेऊन मी पुस्तकं उघडली. पाठीचा कणा आणि त्यातला मेरुरज्जू गर्भात पहिल्या महिन्यातच मिटतो. बाईला आपल्याला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आत. तेव्हा मिटताना कुठं एखादी फट राहिली तर राहिली. आता पोटुशीला, किंवा त्याच्याही आधीपासून, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, त्यानं हे पुष्कळसं टळतं. आमचं ग्रहण तर त्यानंतर कितीतरी महिन्यांनी लागलं होतं. हे मी अम्मीला समोर बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे फुफीला सांगायला पाहिजे होतं." फुफी तोवर गेली होती.

बाळाची गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या दुकानाला सगळ्यात मोठा आधार पोटुशी बायकांचा. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायला लेकी-सुना यायच्या, त्यांच्याबरोबर चारचौघी यायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. रस्त्यानं जाताना पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायच्या इतकंच. अम्मी दुकानात बसून बांगड्यांवरची धूळ पुसायची. काच मुळातच स्वच्छ असायची.

अशात एका दुपारी पद्मा आली. मागवाल्यांच्या घरातली सून, सातवा महिना लागलेला. एकटीच आली आणि अम्मीसमोर पाट ओढून बसली. अम्मीनं तिला विचारलं, सासूला सांगून आलीस का. पद्मा म्हणाली, सांगितलं असतं तर आले असते का. मग तिनं बाळ बघायला मागितलं. मी रेहानाला हातावर घेऊन आले. पद्मानं कपड्याखालचा फुगा बघितला, बाळाच्या तळव्याला बोट लावलं, बाळानं पाय ओढून घेतला तशी हसली. मग दोन्ही हात अम्मीपुढं धरून म्हणाली, "भरा." अम्मीनं त्या दिवशी जेवढा वेळ लावून बांगड्या भरल्या तेवढा मी तिला कधी लावताना पाहिलं नाही. पद्माचं बाळ पुढं धडधाकट झालं. त्या बारशाला अम्मीला बोलावणं होतं, आणि बोलवायला तिची सासूच आली होती.

रेहाना गुबगुबीत व्हायला लागली, तसा फुगाही तिच्याबरोबर वाढला. डॉक्टरबाईंकडं न्यायची वेळ जवळ आली आणि अब्बांचा धीर सुटायला लागला. बाजारात त्यांना जो तो सांगायचा, मणक्याला हात लावला की पाय जातात. अमक्याचा मुलगा असाच लुळा झाला. अब्बा रात्रीच्या जेवणाला बसायचे आणि दोन घासांत उठायचे. अशा वेळी मोडनिंबहून आमचे चाचा आले. अब्बांचे चुलतभाऊ, भला माणूस, आमच्यावर जीव असलेला. बरोबर त्यांनी एक गृहस्थ आणले होते. ते हाडं बसवायचे, नसा चोळायचे, गळवं फोडायचे. त्यांनी बाळाला दुरून बघितलं आणि सांगितलं की नुसतं पाणी हाय, सुईनं काढून टाकतो, वर पाला बांधतो, आठवड्यात सपाट. अब्बा त्यांच्याकडं बुडणाऱ्यानं काठाकडं बघावं तसे बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. कापायचं नाही, भूल द्यायची नाही, एवढ्याशा सुईवर काम होतंय, हे कुठल्या बापाला आवडणार नाही.

गृहस्थांनी पिशवीतून सुई काढली आणि चुलीवर धरायला मागितली. चूल फुफीची. ती उठली नाही. रेहाना तिच्या मांडीवर पालथी होती. फुफी म्हणाली, "हात नक्को लावू."

चाचा समजावायला लागले. "आपा, ह्यो मानूस लई नावाजलेला हाय. गावात इचारा कुणालाबी. पानी काढलं की झालं, कापाकापी कशाला?"

"नावाजलेला असू दे," फुफी म्हणाली. "त्या डॉक्टरनीनं सांगितलंय, फुटू द्यायचं न्हाय. एवढे दिस मी कपडे उकळले ते हितं भोक पाडून घ्यायला न्हाय. आधी ती बाई काय म्हणती ते माझ्या कानानं ऐकणार. मग तुमी."

त्या गृहस्थांनी सुई पिशवीत ठेवली. फुफीनं त्यांना चहा करून दिला, भाकरी बांधून दिली, आणि दारापर्यंत पोचवायलाही गेली. अम्मी दुकानाच्या पडद्याआड उभी होती. आत येताना फुफी तिच्याजवळ क्षणभर थांबली. त्या सुईनं काय झालं असतं ते मी आता जाणते. त्या पातळ पडद्याच्या आतलं पाणी थेट मेंदूपर्यंत गेलेलं असतं. बाहेरची घाण त्यात गेली असती तर पाठीवरचं दुखणं डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षानं मोठ्या दवाखान्यात गेलो. अब्बा, फुफी, आणि बाळाला धरायला मी. दुकान बघायला अम्मी घरीच राहिली. डॉक्टरबाई ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या होत्या आणि फार भराभर बोलायच्या. त्यांनी बाळाला टेबलावर पालथं ठेवायला सांगितलं, कपडा काढला आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "हे कुणी सांभाळलंय? एक ओरखडा नाही." फुफीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी फुफीकडं. बाईंनी बाळाच्या तळव्यावरून पेनचं टोपण ओढलं, दोन्ही पाय कसे आखडतात ते बघितलं, मांड्या, पोटऱ्या चाचपल्या, शीची जागा बघितली, डोक्याचा घेर टेपनं मोजला. अब्बांनी तेवढ्यात विचारून घेतलं, पाय जातील का.

बाईंनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, दार ओढलं आणि दिवा घालवला. मग खिशातली बॅटरी काढून ती फुग्याला एका बाजूनं टेकवली आणि लावली. सगळा फुगा आतून उजळला. लालसर, केशरी, एकसारखा. त्यात एखादी बारीक रक्ताची शीर दिसली, बाकी काही नाही. ना गाठ, ना सावली. रेहाना निवांत पडून होती. काळोखात आम्हा तिघांची तोंडं त्या उजेडानं तांबडी झाली होती.

फुफी एकदम पुढं वाकली. परसातल्या कोंबडीखालची अंडी ती अशीच दिव्यासमोर धरून बघायची, कुठल्यात पिल्लू धरलंय आणि कुठलं नुसतं पाणी आहे ते. ती म्हणाली, "ह्यात काय न्हाय की."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "तेच बघायचं होतं."

त्यांनी दिवा लावला आणि एका कागदावर चित्र काढायला घेतलं. माझ्या पुस्तकात असंच एक चित्र होतं, पण ते परीक्षेपुरतं होतं. मी भीतभीत विचारलं, म्हणजे ह्यात मेरुरज्जू नाही का. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, खुर्ची सरकवली आणि मग सगळं मला उद्देशून सांगितलं, अब्बांना ऐकू जाईल अशा आवाजात. मणक्यांच्या कड्यांमधून मेंदूपासून खाली एक दोर येतो, मोठ्या माणसाच्या करंगळीएवढा जाड. पाय हलवायचा हुकूम त्यातूनच खाली जातो, आणि पायाला चटका बसल्याची खबर त्यातूनच वर. तो इतका नाजूक असतो की त्याला तीन पांघरुणं असतात. अगदी अंगाला चिकटलेलं एक तलम. त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं दुसरं. या दोघांच्या मध्ये पाणी, त्या पाण्यात दोर तरंगत असतो, म्हणून आपण उड्या मारल्या तरी त्याला धक्का लागत नाही. आणि सगळ्यांच्या बाहेर तिसरं, जाड, चिवट. "हिच्या मणक्याची कडी मागून उघडी राहिलीय. त्या फटीतून पांघरूण बाहेर आलंय, त्यातलं पाणी बाहेर आलंय. दोर बहुतेक आपल्या जागीच आहे. मी पांघरूण आत नीट शिवून टाकणार आणि वरून कातडी मिटवणार."

अब्बांनी "बहुतेक" हा शब्द पकडला. बाईंनीही तो लपवला नाही. एखादी बारीक नस पांघरुणाला आतून चिकटलेली असू शकते, बॅटरीत ती दिसत नाही, उघडल्यावरच कळेल. कळली तर ती सोडवून आत ठेवता येते, पण तिला इजा होणारच नाही असं मी लिहून देणार नाही, असं त्या म्हणाल्या. न करता ठेवलं तर मात्र हा कधीतरी फुटणार. अब्बांनी तो कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी फुफीला विचारलं, तुझं काय म्हणणं. फुफी म्हणाली, "तिनं दिवा लावून दाखवलं. ती झाकून ठेवणारी बाई न्हाय. करून टाक."

ऑपरेशनच्या दिवशी अम्मीही आली. आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात बसलो होतो. फुफीच्या हातात जपमाळ, अम्मीचे हात रिकामे. मी पहिल्यांदाच बघत होते की अम्मीच्या हातात काहीच नाही, बाळ नाही, कुणाचं मनगट नाही. ती हात कुठं ठेवावेत हे न कळून मांडीवर उलटेसुलटे करत होती. थोड्या वेळानं फुफीनं जपमाळ खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ग्रहणाचं त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलं नाही. माफी वगैरे मागितली असेल तर ती मी ऐकली नाही. तेव्हाच्या बायका तसलं काही बोलून दाखवत नसत.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. एक बारीक नस काठाला चिकटलेली निघाली, असं त्यांनी सांगितलं. ती अख्खी सोडवून आत ठेवली. आता शुद्धीवर आली की पाय बघू. शुद्धीवर येईपर्यंतचा तो वेळ आम्ही कसा काढला ते मला आठवत नाही, खरंच नाही. आठवतं ते एवढंच की बाळाला आणलं तेव्हा ती बारीक आवाजात कुरकुरत होती, आणि तिच्या तळव्याला हात लावायला कुणीच तयार होईना. अब्बा मागं सरले, अम्मीनं डोळे मिटले. शेवटी मी बोट पुढं केलं. उजवा पाय तिनं लगेच आखडून घेतला. डाव्याला मी बोट लावलं, आणि काहीच झालं नाही. मी पुन्हा लावलं. मग सावकाश, जणू विचार करून, तिनं अंगठा उचलला, मग सगळा पाय पोटाशी ओढला. आणि मोठ्यानं रडायला लागली. आम्ही तिला रडू दिलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

पुढं कितीतरी महिने डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं आम्ही तिच्या डोक्याचा घेर मोजत राहिलो, डोक्यात पाणी साठत नाही ना हे बघायला. अम्मी दुकानातल्या टेपनं मोजायची आणि फुफी शेजारी श्वास धरून उभी राहायची. डोकं जसं वाढायला पाहिजे तसंच वाढलं. रेहाना उशिरा बसली, उशिरा उभी राहिली. डावा पाय थोडा मागं असायचा, म्हणून फुफी रोज सकाळी तेल लावून त्याला चोळायची आणि त्याच्याशीच बोलायची, बाळाशी नाही. एके दिवशी दुकानात बायका बांगड्या भरत असताना रेहाना आतल्या खोलीतून भिंत सोडून चालत आली, चारचौघींमधून वाट काढत, आणि अम्मीच्या मांडीवर जाऊन आदळली. अम्मीच्या हातात एका बाईचं मनगट होतं. ते तिनं सोडलं नाही. बांगडी पुरती चढवली, आणि मग रेहानाला उचललं.

पुस्तकात त्या तीन पांघरुणांची नावं आहेत. दृढतानिका, जालतानिका, मृदुतानिका. मी ती फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिली, आणि पोरींनी ती पाठ केली. शिकवताना मी एकदाही रेहानाचं नाव घेतलं नाही, पण पोरींना एक मात्र सांगायची, की आधी चित्र समजून घ्या, नावं मागून येतील. आता निवृत्त होऊन मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. रेहाना होटगी रस्त्याच्या बाजूला असते. तिला दोन मुलं, एक नात. डाव्या पायाची टाच बूट घालताना तिला जरा कमी कळते, एवढंच काय ते राहिलं.

गेल्या आठवड्यात आमची लिफ्ट बंद पडली होती. रेहाना जिने चढून आली, धापा टाकत दाराशीच खुर्चीत बसली आणि चपला भिरकावून देऊन तक्रार करायला लागली. "आपा, घर बदल बाई आता. गुडघे ठणकायला लागलेत माझे. पोटऱ्यांत गोळे आलेत. दोन्ही पाय नुसते भरून आलेत."

मी तिला पाणी आणून दिलं आणि म्हटलं, कुठं कुठं दुखतंय ते नीट सांग. ती दोन्ही पायांची खबर देत राहिली आणि मी ऐकत राहिले, फार दिवसांनी एवढं मनापासून.